राईनपाडा हत्याकांड

राईनपाडा हत्याकांड ही महाराष्ट्राच्या धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात १ जुलै २०१८ रोजी घडलेली जमावहत्येची घटना होय. मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांना ठार केले. समाजमाध्यमांवर संदेश पुढे पाठवणाऱ्याची नैतिक जबाबदारी आणि भटक्या समाजांची असुरक्षितता या दोन्ही प्रश्नांच्या चर्चेत या घटनेचा उल्लेख होतो.

पार्श्वभूमी

नाथपंथी डवरी गोसावी हा परंपरेने भिक्षेवर उपजीविका करणारा समाज आहे. महाराष्ट्रात त्याचा समावेश भटक्या जमाती (ब) या प्रवर्गात होतो. त्याचे नाव भिक्षा मागताना वाजवल्या जाणाऱ्या डवर या वाद्याशी निगडित आहे. या समाजातील अनेक कुटुंबे वर्षातील काही महिने परजिल्ह्यांत पाले ठोकून राहतात. अनोळखी गावात दारोदार जाणे हाच व्यवसाय असल्याने अनोळखी माणसाविषयीच्या संशयाची झळ त्यांना सर्वप्रथम बसते.

२०१८ च्या मे आणि जून महिन्यांत मुले पळवणाऱ्या टोळ्यांविषयीचे संदेश व्हॉट्सॲपवरून देशभर पसरले. त्यांतून तमिळनाडू, कर्नाटक, आसाम, त्रिपुरा आदी राज्यांत निरपराध व्यक्तींच्या हत्या झाल्या. दुचाकीस्वार एका मुलाला उचलून नेत असल्याची एक चित्रफीत त्या काळात मोठ्या प्रमाणावर फिरत होती. मुळात ती कराचीतील एका संस्थेची बालसुरक्षाविषयक जनजागृतीपर फीत होती. तिच्या अखेरीस मुलाला सुखरूप परत आणून सोडले जाते. हा भाग कापून ती खरी घटना म्हणून पाठवली जात होती.

घटना

मृत व्यक्ती प्रामुख्याने सोलापूर जिल्ह्याच्या मंगळवेढा तालुक्यातील होत्या. रविवारच्या आठवडे बाजारादिवशी ते राईनपाडा येथे आले. त्यांच्यापैकी एकाने एका लहान मुलीशी बोलण्याचा प्रयत्न केल्यावरून संशय निर्माण झाला व जमाव गोळा झाला. त्यांना ग्रामपंचायत कार्यालयात कोंडून तेथे मारहाण करण्यात आली. या प्रकरणी वीसहून अधिक जणांना अटक झाली. मारहाणीचे मोबाइलवर केलेले चित्रीकरणही पुढे समाजमाध्यमांवर पसरले.

त्याच सुमारास नाशिक जिल्ह्यातील मालेगाव येथे अशाच संशयावरून जमावाने घेरलेल्या पाच जणांना पोलिसांनी वाचवले. त्यांत एका लहान मुलाचाही समावेश होता. जमाव येण्याआधी त्यांना एका स्थानिक रहिवाशाच्या घरात आसरा मिळाला होता.

जबाबदारीचा प्रश्न

अशा संदेशांचे अनेक प्रेषक ते द्वेषापोटी नव्हे, तर आप्तांना सावध करण्याच्या हेतूने पाठवतात. नातेवाईक किंवा गावकऱ्यांच्या गटातून आल्याने संदेशाला ओळखीच्या माणसाची विश्वासार्हता लाभते. मूळ कर्ता मात्र अज्ञात राहतो. त्यामुळे पुढे पाठवणारा स्वतःला केवळ निरोप्या समजतो आणि परिणामाची जबाबदारी कोणाकडेच राहत नाही. हेतू चांगला असला, तरी शहानिशा न करता पाठवलेल्या संदेशाने तिसऱ्याच व्यक्तीच्या जिवाला धोका होऊ शकतो, हा या घटनेतून पुढे आलेला मुख्य नैतिक मुद्दा होय.

परिणाम

घटनेनंतर केंद्र सरकारने व्हॉट्सॲपकडे उपाययोजनांची मागणी केली. जुलै २०१८ मध्ये कंपनीने पुढे पाठवलेल्या संदेशावर तशी खूण दाखवण्यास सुरुवात केली आणि भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा घातली. ही मर्यादा जानेवारी २०१९ मध्ये जगभर लागू झाली. एप्रिल २०२० पासून वारंवार पुढे पाठवलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. त्याच महिन्यात पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे चोरांच्या अफवेच्या वातावरणात जमावाने दोन साधू व त्यांच्या वाहनचालकाची हत्या केली.

माहिती तंत्रज्ञान नियम, २०२१ नुसार मोठ्या संदेश-मंचांनी गंभीर गुन्ह्यांच्या प्रकरणांत न्यायालय अथवा सक्षम अधिकाऱ्याच्या आदेशानंतर संदेशाचा मूळ प्रेषक ओळखून देणे अपेक्षित आहे. यामुळे सर्वच वापरकर्त्यांची गोपनीयता भंग होईल, असा आक्षेप घेत व्हॉट्सॲपने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली.

कायदेशीर तरतुदी

सर्वोच्च न्यायालयाने १७ जुलै २०१८ रोजी तहसीन पूनावाला विरुद्ध भारत सरकार या खटल्यात जमावहत्या रोखण्यासाठी निर्देश दिले. प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षक दर्जाचा समन्वय अधिकारी नेमणे, चिथावणीखोर संदेश पसरवणाऱ्यांवर गुन्हा नोंदवणे, पीडितांसाठी भरपाई योजना आखणे आणि कर्तव्यात कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यांवर कारवाई करणे यांचा त्यांत समावेश होता.

१ जुलै २०२४ रोजी लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०३(२) मध्ये पाच किंवा अधिक व्यक्तींच्या गटाने वंश, जात, समुदाय, लिंग, जन्मस्थान, भाषा, वैयक्तिक श्रद्धा किंवा तत्सम कारणावरून केलेल्या हत्येसाठी मृत्युदंड अथवा जन्मठेप व दंडाची तरतूद आहे. अफवेतून निर्माण झालेल्या संशयाचा या कलमात स्वतंत्र उल्लेख नाही.