चपलेचा पत्ता

कोल्हापुरी चपलेच्या प्रकारांची यादी करायला बसले की त्यातली काही नावे घाटाची नसून गावांची आहेत, हे लगेच ध्यानात येते. कापशी हे नाव कागल तालुक्यातल्या कापशीवरून आले, कुरुंदवाडी हे शिरोळ तालुक्यातल्या कुरुंदवाडवरून. आमच्याकडे चपलेला पायताण म्हणतात. कुणाच्या पायातले पायताण नजरेत भरले की पहिला प्रश्न येतो, ‘कुठलं?’ कसलं आणि केवढ्याचं हे त्यानंतर. एका हौशी माणसाने दुसऱ्याला दिलेला पत्ताच पुढे वस्तूचे नाव होऊन बसला. हा पत्ता कसा तयार झाला, कुठे तुटला आणि त्यातून कुणाचे नाव गळाले, हे मी गेली काही वर्षे शोधतो आहे.

शाहूवाडीच्या नावाची चप्पल माझ्या पाहण्यात नाही. पण चपलेचा माग काढत मागे गेले की वाट आमच्या डोंगरात येते. कातडे कमावण्याची जुनी रीत चुना, बाभळीची साल आणि हिरडा यांवर उभी आहे. चुन्याने केस सुटतात. साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कातडे मुरत ठेवले की ते कुजत नाही आणि त्याला तो ओळखीचा तांबूस रंग येतो. या कामाला दिवस नव्हे, आठवडे लागतात. हिरडा सह्याद्रीच्या रानातला. मलकापूर ही विशाळगड जहागिरीची राजधानी. तिथून आंब्याकडे चढत गेले की ही झाडे भेटतात. हिरडा गोळा करणारी बाई, कातडे कमावणारा ढोर समाजातला माणूस आणि चप्पल शिवणारा चर्मकार अशा तीन हातांतून जोड तयार होतो. घेणाऱ्याच्या तोंडी मात्र बहुतेक वेळा चौथ्याचेच नाव असते, दुकानदाराचे.

गावगाड्यात असे नव्हते. चर्मकार हा बलुतेदार. त्याचे घर सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे पत्ता विचारण्याचा प्रश्नच नव्हता. चपलेचा कान किती रुंद हवा, वेणी कुठवर, गोंडा हवा की नको, हे गिऱ्हाईक समोर उभे राहून सांगे. पण ज्याच्या हातची वहाण मिरवायची, त्याला घराच्या उंबऱ्याच्या आत यायची मुभा नव्हती. शहरात याच्या उलट झाले. तिथे चपलेला मान मिळाला आणि करणारा दिसेनासा झाला. एकीकडे नाव होते पण मान नव्हता, दुसरीकडे मान आला तो नाव पुसून. चपलेचा इतिहास मला या दोन टोकांत सापडतो.

कोल्हापुरात शिवाजी चौकाजवळच्या चप्पल लाइनमध्ये उभे राहिले की हा तुटलेला पत्ता डोळ्यांना दिसतो. तिथला माल शहरातल्या सुभाषनगरसारख्या वस्त्यांतून येतो, तसाच अथणी-निपाणीकडूनही येतो. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत बेळगाव जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. चपलेने ती सीमा मानली नाही. अथणीच्या माणसाने शिवलेली चप्पल कोल्हापुरात विकली गेली की ती कोल्हापुरी. बनण्याच्या जागेपेक्षा विकण्याची जागा नावात मोठी ठरली.

तरी जाणकारांचे एक जाळे या बाजाराखालून चालूच राहिले. त्याचा पुरावा कुठल्या दप्तरात नाही, तो घराघरांतल्या कागदांवर आहे. मुंबई-पुण्याला नोकरीला गेलेला किंवा परदेशी स्थायिक झालेला माणूस कागदावर पाय ठेवून पेन्सिलीने त्याची कड आखतो आणि तो कागद गावी धाडतो. असे काही कागद मी जपून ठेवले आहेत. पावलाच्या आकृतीशेजारी सूचना असतात: अंगठा सैल हवा, खिळा नको, वादीनेच शिवून घ्या, मागच्या वेळी ज्यांच्याकडून घेतली त्यांच्याकडूनच घ्या. या शेवटच्या ओळीत कारागिराचे नाव क्वचितच येते. येते ती खूण: देवळामागचा, पुलाच्या अलीकडचा, अमक्याच्या शेजारचा.

आता कागदाची जागा फोनवरच्या फोटोने घेतली आहे, प्रश्न तोच आहे. चपलेच्या शौकिनांच्या गटात कुणी जोडाचा फोटो टाकला की खाली विचारणा होते, कुठून घेतली? इथे एक जुना पेचही तसाच आहे. चांगला हात असलेला कारागीर थोडेच जोड करतो. पत्ता फुटला की रांग लागते, भाव चढतो, आपला जोड लांबतो. म्हणून काही जण गप्प बसतात. काही दुकानाचे नाव सांगून सुटतात. पण पत्ता दडवल्याने कारागीर व्यापाऱ्याच्या उचलीतच अडकून राहतो, हे त्यांच्या लक्षात येत नाही. थेट आलेले गिऱ्हाईक हेच त्याचे त्यातून सुटण्याचे साधन आहे.

जून २०२५ मध्ये मिलानला प्राडाच्या पुरुषांच्या कपड्यांच्या प्रदर्शनात याच घाटाच्या चपला दिसल्या, तेव्हा त्यांची ओळख नुसती ‘चामडी सँडल’ अशी होती. गदारोळ झाल्यावर कंपनीने भारतीय हस्तकलेपासून प्रेरणा घेतल्याचे मान्य केले. आपला संताप रास्त होता. पण मिलानने जे केले, त्याची लहान आवृत्ती आपण पिढ्यान्‌पिढ्या करत आलो आहोत. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले. त्यात महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगावी, बागलकोट, धारवाड, विजयपुरा असे आठ जिल्हे आले. म्हणजे अथणीचे श्रेय कागदावर आले. त्याची नोंदणीकृत मालकी मात्र दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांकडे आहे. प्राडाविरुद्धची जनहित याचिका जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने फेटाळली, ती हाच मुद्दा धरून: दाद मागायची तर नोंदणीकृत मालकाने मागावी.

जिल्ह्याला हक्क मिळाला, पण हात अजून निनावी आहे. महाराष्ट्राच्या संत रोहिदास महामंडळाने चपलेच्या जोडासाठी क्यूआर कोड आणला असून त्यावरून कारागिराचे वा कारखान्याचे नाव-ठिकाण आणि वापरलेला कच्चा माल कळावा, अशी योजना आहे. तो जोडाजोडावर दिसू लागला तर कापशी-कुरुंदवाडीनंतर पहिल्यांदाच पत्ता पुन्हा वस्तूला चिकटेल. तोवर काम गिऱ्हाइकाचेच आहे. कुणी ‘कुठलं?’ म्हणून विचारले, तर दुकानाच्या पाटीवर न थांबता शिवणाऱ्याचे नाव सांगावे. ठाऊक नसेल तर पुढचा जोड घेताना विचारून घ्यावे.