टपालापासून मोबाइलपर्यंत : घरबसल्या पदवीचा इतिहास

भारतात विद्यापीठाचा अभ्यासक्रम टपालाने शिकवण्याची सुरुवात १९६२ मध्ये दिल्ली विद्यापीठाने केली. नोकरी करणाऱ्यांना छापील पाठ घरी मिळू लागले, ही मोठीच सोय होती. पण अडलेल्या शंकेला उत्तर मिळायला टपालाच्या फेऱ्यांइतका वेळ लागे.

विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८४ मध्ये दूरदर्शनवर ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ हा शैक्षणिक कार्यक्रम सुरू केला. कार्यक्रम मेहनतीने केलेले असत, मात्र बहुतेक इंग्रजीत आणि ठरलेल्या वेळी. त्या वेळी कितीतरी विद्यार्थी कॉलेजात किंवा कामावर असत आणि निसटलेला भाग मागे नेऊन पाहता येत नसे. माध्यम घरात पोचले तरी वेळ विद्यार्थ्याच्या हातात आली नव्हती.

नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने ही अडचण नेमकी ओळखली. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू राम ताकवले. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद असलेल्या या संस्थेची खरी ताकद तिच्या मराठी पुस्तकांत होती. घटकाच्या सुरुवातीला उद्दिष्टे, मजकुरात मध्येच स्वयंअध्ययनाचे प्रश्न, शेवटी त्यांची उत्तरे. रात्री कामावरून आल्यावर एखादा घटक वाचून आपल्याला किती कळले ते विद्यार्थी स्वतःच ताडून पाहू शके. जोडीला जवळच्या कॉलेजातले अभ्यासकेंद्र आणि तिथे शंका विचारायला माणूस होता. मोबाइलवरच्या शिक्षणाला आज जे लागते ते सारे या कागदी पुस्तकात आधीच होते : छोटे घटक, आपली भाषा, लगेच पडताळा आणि पाठीशी शिक्षक.

२००४ च्या ‘एज्युसॅट’ उपग्रहाने व्याख्याने गावोगावच्या कॉलेजांत नेली, पण तीही केंद्रात बसूनच पाहावी लागत. आयआयटींच्या ‘एनपीटीईएल’ या उपक्रमाची व्याख्याने यूट्यूबवर आली आणि २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला, तेव्हा कुठे एसटीत बसलेल्या विद्यार्थ्यालाही तीच व्याख्याने थांबवून, मागे नेऊन पाहता येऊ लागली. २०१७ मध्ये आलेल्या केंद्र सरकारच्या ‘स्वयम’ या ऑनलाइन मंचाने अशा व्याख्यानांना श्रेयांक आणि केंद्रावरच्या परीक्षेची जोड दिली, गुणपत्रिकेत नोंद होणार म्हटल्यावर अभ्यासक्रम पुरा करण्याला कारण मिळाले.

२०२० च्या टाळेबंदीत अनेक कॉलेजांनी वर्गाचे वेळापत्रक जसेच्या तसे मोबाइलवर आणले. घरात फोन एक आणि शिकणारी भावंडे दोन, अशा घरांत थेट तास बुडत. आधी उतरवून घेता येणारी ध्वनिफीत, व्हॉट्सॲपवर आलेले टिपण आणि संध्याकाळी शंकेला उत्तर देणारे शिक्षक यांच्यावरच तिथल्या मुलांचा अभ्यास चालला.