मधूनच उमटणारी त्रुटीची पाने: कारणे आणि शोध

हुबळी व धारवाड या जोडशहरांच्या दरम्यान असलेल्या अमरगोळच्या बाजार समिती आवारात शेतमालाच्या प्रत्येक ढिगाला क्रमांक मिळतो आणि व्यापारी त्यावर ऑनलाइन निविदा भरतात. कर्नाटकाने ही एकीकृत बाजारव्यवस्था २०१४ मध्ये सुरू केली. केंद्राचे ई-नाम १४ एप्रिल २०१६ रोजी आले. निविदेची मुदत संपत आलेली असताना पान एकदा उघडले आणि पुढच्याच क्षणी त्रुटी दाखवू लागले, तर एक बोली कमी पडते व भावाला फटका बसतो. पूर्णपणे बंद पडलेले संकेतस्थळ त्यामानाने सोपे. दोष निदान जागेवर तरी सापडतो.

त्रुटीचा क्रमांक हाच पहिला पुरावा होय. ४ ने सुरू होणारा क्रमांक बहुधा मागणीतील दोष दाखवतो, ५ ने सुरू होणारा सर्व्हरकडील. ५०० म्हणजे आज्ञावलीतील बिघाड, कारण मोघम. ५०२ मध्ये पुढच्या सर्व्हरला मागच्याकडून धड उत्तर मिळालेले नसते, ५०४ मध्ये ते वेळेत आलेले नसते. ५०३ म्हणजे सेवा तात्पुरती असमर्थ, बहुधा गर्दीमुळे. १६ जुलै २०२१ रोजी महाराष्ट्राचा दहावीचा निकाल लागला, तेव्हा १५ लाखांहून अधिक विद्यार्थ्यांचे निकाल असलेली संकेतस्थळे तासन्‌तास उघडत नव्हती.

गर्दी नसतानाही त्रुटी येत असेल तर संशय वेगळीकडे न्यावा. मोठ्या संकेतस्थळामागे अनेक सर्व्हर असतात व मागण्या त्यांत वाटल्या जातात. तिघांपैकी एक बिघडला, तर साधारण दर तिसरी मागणी फसते आणि ‘माझ्याकडे तर चालते’ हा वाद सुरू होतो. यावर उपाय एकच: प्रत्येक सर्व्हर स्वतंत्रपणे तपासणे. त्रुटी नेमकी ६० सेकंदांनी येत असेल तर एन्जिनएक्सची मूळ प्रतीक्षामर्यादा आठवावी. ती तेवढीच असते. ही मर्यादा वाढवून मोकळे होण्याचा मोह अनेकांना होतो, पण त्याने संथ प्रश्न संथच राहतो. मायएसक्यूएलमध्ये एकाच वेळच्या जोडण्यांची मूळ मर्यादा १५१ आहे. ती भरली की नवी जोडणी नाकारली जाते, आणि थोड्या वेळाने सारे पूर्ववत भासते.

वापरकर्त्याने आधी खाजगी खिडकीत, मग दुसऱ्या जाळ्यावरून पान उघडून पाहावे. केवळ वाचायचे पान पुन्हा मागवण्यास हरकत नाही. पैसे अथवा बोली पाठवणारे पान मात्र ताजे करू नये: ५०४ आल्यावरही मागे व्यवहार पूर्ण झालेला असू शकतो. आधी आपल्या खात्यातील नोंद, बँकेचा संदेश पाहावा. तक्रारीत त्रुटीचा क्रमांक, पानाचा पत्ता आणि सेकंदापर्यंतची वेळ द्यावी. हजारो ओळींच्या नोंदवहीत व्यवस्थापकाला तीच ओळ शोधायची असते.