रानातला आवाज

आधी पायाकडे बघा. पोटरीला काहीतरी चिकटलंय ना? जळू आहे. ओढू नका, चिमूटभर मीठ टाका, आपोआप गळून पडेल. आता चला, दबक्या पावलांनी. तुम्ही सह्याद्रीच्या रानात आहात, गोव्याच्या हद्दीला लागून, आणि हद्दीपलीकडे अजून पाखल्यांचं, म्हणजे पोर्तुगिजांचं राज्य आहे.

पाऊस थांबायचं नाव घेत नाही. पानांवर त्याचा असा ताशा वाजतोय की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. कुजलेल्या पाचोळ्याचा वास नाकात भरलाय. कपडे काल वाळत घातले होते. आज ओलेच अंगावर चढवलेत तुम्ही.

ट्रकपाशी या, आत वाका. इथला वास वेगळा, तापलेल्या धातूचा. हा ट्रान्समीटर. दादरा-नगर हवेली पोर्तुगिजांच्या तावडीतून सुटली तेव्हा त्यांचे बिनतारी संच हाती लागले, त्यातून तो उभा राहिला. त्यांचंच यंत्र आता त्यांच्याविरुद्ध बोलणार आहे.

मायक्रोफोनपाशी लिबिया लोबो. मुंबईत आकाशवाणीवर नोकरी केलेली गोंयकार तरुणी. शेजारी तिचे सहकारी वामन सरदेसाई. सुरुवातीला निकलाव मिनेझिसही सोबत होते. पुढे उरले हे दोघंच. सकाळी तासभर आणि संध्याकाळी तासभर, कोकणीतून आणि पोर्तुगीजमधून ‘गोंयचे सोडवणेचो आवाज’, म्हणजे गोव्याच्या मुक्तीचा आवाज, निघतो. मधल्या वेळात बातम्या जमवायच्या, पोर्तुगीज रेडिओ ऐकायचा, त्याच्या खोटेपणाला उत्तर लिहायचं. श्वास रोखून धरा. तुमची एक शिंकसुद्धा गोवाभर ऐकू जाईल!

आता हद्द ओलांडू. हे गोव्यातलं घर. चुलीवर माशाचं हुमण रटरटतंय, नारळाचा आणि तिरफळांचा वास सुटलाय. खिडक्या मात्र बंद. उकाड्यानं तुमच्या मानेवर घामाचे ओघळ. सगळं घर रेडिओभोवती दाटलंय, म्हातारी पदर सावरून पुढे सरकलीय. खरखर, शिट्टी, पुन्हा खरखर आणि मग तो आवाज! बोलणारी कोण, कुठून बोलते, इथं कुणालाच ठाऊक नाही. सत्याग्रहींच्या बातम्या ऐकताना तुमच्या शेजारचा माणूस मूठ आवळतो. बाहेर बुटांची चाहूल लागते आणि कुणाचा तरी हात झटकन बटणाकडे जातो.

अशी सहा वर्षं. आधी आंबोलीच्या, मग कॅसलरॉकच्या रानात. थंडी, ताप, जनावरांची भीती, आणि वर मौन. जगाशी बोलायचं, पण आपण कुठे आहोत हे जगाला कळू द्यायचं नाही.

आता मान वर करा. १९ डिसेंबर १९६१, पणजी. डोक्यावर विमान घिरट्या घालतंय. रस्त्यात माणसांची रेटारेटी, खांद्याला खांदा घासतोय. आणि आभाळातून तोच ओळखीचा आवाज, आज विमानाला बांधलेल्या लाउडस्पीकरमधून: गोवा मुक्त झाला! शेजारचा अनोळखी माणूस तुम्हाला कडकडून मिठी मारतो. इतकी वर्षं लपलेला आवाज आज भर उन्हात, सगळ्यांच्या डोक्यावरून फिरतोय.

वामन आणि लिबिया यांनी पुढे लग्न केलं. लिबियाबाईंना पद्मश्री जाहीर झाली २०२५ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी. पुढच्या पावसाळ्यात आंबोलीला जाल, तेव्हा धबधब्यापाशी फोटो काढून लगेच परतू नका. घटकाभर रानाकडे कान देऊन उभे राहा. गोव्याचं स्वातंत्र्य इथूनही बोललं होतं.