डेस्कटॉप सजावट सॉफ्टवेअर

डेस्कटॉप सजावट सॉफ्टवेअर म्हणजे संगणकाच्या पडद्याचे रूप बदलणारे, परंतु त्याच्या प्रत्यक्ष कामात भर न घालणारे सॉफ्टवेअर होय. स्क्रीनसेव्हर, थीम, हलते कर्सर, खिडक्यांच्या चौकटी बदलणारी सॉफ्टवेअरे आणि पडद्यावर फिरणारे आभासी पाळीव प्राणी यांचा त्यात समावेश होतो. १९९० चे दशक व त्यानंतरची काही वर्षे हा या प्रकाराच्या भरभराटीचा काळ होता. जुन्या संगणकांवर ही सॉफ्टवेअरे आजही हौसेने बसवली जातात. मात्र अपुरी मेमरी, कालबाह्य संचालन प्रणाली आणि संशयास्पद ठिकाणांहून मिळवलेल्या फायली यांमुळे ती हौस पुष्कळदा महागात पडते.

इतिहास

स्क्रीनसेव्हरचा मूळ हेतू उपयुक्त होता. कॅथोड किरण नळीच्या पडद्यावर एकच चित्र तासन्‌तास राहिल्यास त्याचा कायमचा डाग उमटत असे; तो टाळण्यासाठी चित्र हलते ठेवले जाई. बर्कली सिस्टिम्स या अमेरिकी कंपनीने १९८९ मध्ये मॅकिंटॉशसाठी 'आफ्टर डार्क' आणले आणि त्यातील पंख असलेले, उडणारे टोस्टर इतके गाजले की डागाची गोष्ट मागे पडून करमणूक पुढे आली. माऊसच्या बाणामागे धावणारे 'नेको' हे मांजर (जपानी भाषेत या शब्दाचा अर्थच मांजर असा आहे) आणि उघड्या खिडक्यांच्या कडांवरून चालणारी, मध्येच झोपणारी मेंढी हे जपानमधून आलेले आभासी प्राणी होत.

मायक्रोसॉफ्टने १९९५ मध्ये विंडोज ९५ सोबत 'प्लस!' हा स्वतंत्र विकत घ्यावा लागणारा संच काढला. वॉलपेपर, कर्सर, ध्वनी व चिन्हे यांचा एकत्रित संच, म्हणजेच 'थीम', त्याद्वारे सर्वसामान्य वापरकर्त्यांपर्यंत पोहोचली. १९९८ पासून स्टारडॉक कंपनीचे 'विंडोब्लाइंड्स' खिडक्यांच्या चौकटीही बदलू लागले. २००१ मध्ये आलेल्या विंडोज एक्सपीने अशी सजावट संचालन प्रणालीतच अंतर्भूत केली; मूळ निळ्या रूपाखेरीज ऑलिव्ह हिरवे आणि चंदेरी अशी दोन रूपे तीत होती.

स्थापनेपूर्वीची तपासणी

अनेक अडचणी साध्या हिशेबाने आधीच ओळखता येतात. १०२४ × ७६८ बिंदूंचा पडदा १६ बिट रंगांत दाखवण्यासाठी दीड मेगाबाइट व्हिडिओ मेमरी लागते. १ मेगाबाइटचे कार्ड असल्यास तोच पडदा ८०० × ६०० वर आणावा लागतो. २५६ रंगांवर चालणाऱ्या संगणकात थीमची छायाचित्रे डागाळलेली दिसतात. तो थीमचा दोष नसतो. विंडोज ९८ मध्ये जेपीईजी चित्र वॉलपेपर म्हणून लावण्यास 'ॲक्टिव्ह डेस्कटॉप' चालू करावा लागतो व तो मेमरी खातो. तेच चित्र बीएमपी स्वरूपात साठवणे अधिक चांगले, जरी २४ बिट रंगांतील पूर्ण पडद्याची अशी फाइल सव्वादोन मेगाबाइटची होत असली तरी.

कोणतीही सजावट बसवण्यापूर्वी चालू मांडणी वेगळ्या नावाची थीम म्हणून जतन करावी. विंडोज मी व एक्सपीमध्ये 'सिस्टिम रिस्टोअर'चा बिंदूही तयार करता येतो. एका वेळी एकच सॉफ्टवेअर बसवून संगणक पुन्हा सुरू करावा. चार एकदम बसवल्यास बिघाड कोणी केला हे शोधणे जिकिरीचे होते.

नेहमीचे बिघाड

सॉफ्टवेअर मुळीच सुरू होत नसेल तर प्रथम ते किती बिटचे आहे हे पाहावे. विंडोज ३.१ च्या काळातील १६ बिट प्रोग्रॅम ६४ बिट विंडोजवर चालत नाहीत. ३२ बिट विंडोजवर बहुधा चालतात. त्यामुळे अशा मेंढीसाठी नव्या संगणकापेक्षा जुनाच संगणक, किंवा आभासी यंत्रातील जुनी विंडोज, योग्य ठरते. एखादी डीएलएल फाइल सापडत नाही असा संदेश आल्यास प्रोग्रॅम ज्या भाषेत लिहिला आहे तिचा रनटाइम संच, उदाहरणार्थ व्हिज्युअल बेसिक ६ चा, अधिकृत ठिकाणाहून बसवावा. ती एकच फाइल अनोळखी संकेतस्थळावरून उतरवून फोल्डरमध्ये टाकण्याचा सर्रास दिला जाणारा सल्ला धोक्याचा आहे.

विंडोज ९५, ९८ व मीमध्ये मेमरी भरपूर असूनही 'रिसोर्सेस' संपल्याचा इशारा येतो. खिडक्या, चिन्हे व चित्रे यांच्या नोंदींसाठी या प्रणाल्यांत ठरावीक आकाराची जागा राखून ठेवलेली असते आणि तिचा काही भाग अवघा ६४ किलोबाइटचा असतो. रॅम वाढवून ही जागा वाढत नाही. सजावटीचे प्रोग्रॅम कमी करणे हाच उपाय उरतो.

एक्सपी केवळ मायक्रोसॉफ्टची डिजिटल स्वाक्षरी असलेली दृश्यरूपे स्वीकारते. इतरांनी बनवलेली रूपे लावण्यासाठी 'यूएक्सथीम' ही प्रणालीची फाइल बदलण्याची पद्धत रूढ झाली. प्रणालीचे संरक्षण मूळ फाइल परत आणू शकते, आणि एका सर्व्हिस पॅकसाठी बनवलेली फाइल दुसऱ्यावर टाकल्यास संगणक सुरू होताना अडकू शकतो. सर्व्हिस पॅक बसवण्यापूर्वी मूळ फाइल परत ठेवणे म्हणूनच आवश्यक ठरते.

पडदा गोठल्यास संगणक सुरू होतानाच एफ८ कळ दाबून 'सेफ मोड'मध्ये जावे, तेथे साधी थीम निवडावी आणि सॉफ्टवेअर काढून टाकावे. विंडोज ९८ व एक्सपीमधील 'एमएसकॉन्फिग' या साधनाने आपोआप सुरू होणारे प्रोग्रॅम थांबवता येतात.

मराठी फॉन्ट व सजावट

युनिकोडपूर्व मराठी फॉन्टांमुळे एक खास एतद्देशीय बिघाड उद्भवतो. या फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असतात. हौसेपोटी मेनू व शीर्षकपट्टीसाठी असा फॉन्ट निवडला की मेनू मराठी होत नाही. 'फाइल', 'एडिट' हे इंग्रजी शब्द काने, मात्रा व अर्ध्या अक्षरांच्या निरर्थक रांगा बनतात आणि परतीचा मार्ग दाखवणारी बटणेही वाचता येत नाहीत. सेफ मोडमध्येही तोच फॉन्ट दिसल्यास आधी जतन केलेल्या थीमच्या फाइलवर दोनदा क्लिक करावे. एक्सपीमध्ये युनिकोड मराठी नीट दिसण्यासाठी प्रादेशिक भाषांच्या मांडणीतील जटिल लिप्यांचा पर्याय चालू करावा लागतो. तो बंद असल्यास ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला पडते व जोडाक्षरे सुटी होतात. याचा दोष थीमला देऊ नये.

सुरक्षा

स्क्रीनसेव्हरची फाइल ही चित्रफीत नसून पूर्ण प्रोग्रॅम असते. ती संगणकावर काहीही करू शकते. 'बाँझीबडी' हा जांभळा गोरिला १९९९ पासून पसरला. मायक्रोसॉफ्ट एजंट या तंत्राच्या साहाय्याने तो बोलत व विनोद सांगत असे, शिवाय जाहिराती दाखवी. पालकांच्या संमतीविना मुलांची माहिती गोळा केल्याच्या प्रकरणी त्याच्या निर्मात्या कंपनीने २००४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनशी तडजोड करून ७५,००० डॉलर दंड भरला. कर्सरही निर्धोक नाहीत: हलत्या कर्सरच्या फाइलमधून संगणकाचा ताबा मिळवता येईल अशी त्रुटी मायक्रोसॉफ्टला एप्रिल २००७ मध्ये दुरुस्त करावी लागली. विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला, त्यामुळे सजावटीचा असा संगणक जाळ्याशी न जोडलेलाच बरा.

कारखान्यांतील जुने संगणक

कोल्हापूर परिसर ओतकाम व यंत्रकामासाठी प्रसिद्ध आहे. कागल पंचतारांकित औद्योगिक वसाहत हे तेथील एक प्रमुख केंद्र होय. अशा ठिकाणच्या यंत्रशाळांत जुना संगणक टिकून राहण्याचे कारण हौस नसून त्याचा सिरियल पोर्ट असतो. ज्या सीएनसी यंत्राची मेमरी तोकडी आहे, त्याला लांबलचक प्रोग्रॅम आरएस-२३२ केबलवरून थोडा थोडा पुरवला जातो आणि यंत्र तो घेत घेत धातू कापते.

येथे पडद्यावरची मेंढी गमतीची राहत नाही. स्क्रीनसेव्हरने प्रोसेसर व्यापल्यास किंवा संगणक आपोआप निद्रावस्थेत गेल्यास पुरवठा खंडित होतो, हत्यार कामावरच थबकते आणि तेथे खूण उमटून नग वाया जाण्याची शक्यता असते. याउलट, यंत्राने 'थांबा' असा संकेत दिल्यावर संगणकाने तो उशिरा ओळखला तर यंत्राचा बफर ओसंडून अलार्म येतो. दोष केबलचा समजून ती बदलली जाते आणि बिघाड तसाच राहतो. म्हणून अशा संगणकावर स्क्रीनसेव्हर व वीजबचतीची मांडणी बंद ठेवून साधे, एकरंगी रूप लावतात. पडदा जपायचा असल्यास तो बटणाने बंद करता येतो. त्याने पुरवठ्यात खंड पडत नाही. खंडेनवमीला यंत्रांबरोबर या संगणकालाही हळदकुंकू वाहिले जाते. ती सजावट मेमरी घेत नाही, मात्र कुंकवाची पूड कळफलकात व पंख्यात जाणार नाही हे पाहावे लागते.