पाखराच्या पायातला पत्ता

२३ डिसेंबर १९१२ची गोष्ट. दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांतात, युट्रेक्ट गावापासून काही मैलांवरच्या एका शेतघरात एक भिंगरी सापडली. हिवाळ्यात आपल्याकडे विजेच्या तारांवर ओळीने बसतात ना, त्याच जातीची. तिच्या पायात धातूचा बारीक वाळा होता. वाळ्यावर एक क्रमांक आणि लंडनचा पत्ता. गावातल्या हॉटेलमालकाने त्या पत्त्यावर सारी हकीकत लिहून पाठवली आणि पत्र पोचल्याचे कळवा, अशी विनंतीही केली.

ही भिंगरी ६ मे १९११ रोजी इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशायर परगण्यात जॉन मेसफील्ड नावाच्या वकिलाच्या हातात होती. वाळा त्यांनीच घातला होता. भिंगऱ्या थंडीत तळ्याच्या तळाशी चिखलात झोपून राहतात, असे युरोपात शतकानुशतके मानणारे लोक होते. त्या आफ्रिकेकडे जातात हे पुढे बहुतेकांनी स्वीकारले, पण इंग्लंडची भिंगरी थेट आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडे पोचते, याचा पुरावा त्या एका पत्राने दिला. पुरावा गोळा करणारे कोण? एक वकील आणि एक हॉटेलमालक. दोघांनाही त्याचा एक पैसा मिळाला नाही.

पक्ष्यांच्या पायात वाळा घालण्याची ही पद्धत सुरू केली ती डेन्मार्कच्या व्हिबोर्ग गावातल्या एका शाळामास्तराने. त्यांचे नाव हान्स मॉर्टेन्सन. १८९०मध्ये त्यांनी जस्ताचे वाळे करून पाहिले, पण पक्ष्यांना ते जड झाले. मास्तरांनी नाद सोडला नाही. १८९९मध्ये त्यांनी ॲल्युमिनियमचे हलके वाळे केले, त्यांवर गावाचे नाव आणि क्रमांक घातला आणि साळुंकीच्या कुळातल्या १६५ स्टार्लिंग पक्ष्यांना ते चढवले. प्रत्येक पक्ष्याला स्वतःचा क्रमांक आणि परतीचा पत्ता, एवढीच युक्ती. दहा वर्षांत ती ब्रिटनमध्ये पोचली. १९०९मध्ये हॅरी विदर्बी या प्रकाशकाने हौशी लोकांच्या मदतीने तिथे योजना सुरू केली. भिंगरीच्या वाळ्यावरचा लंडनचा पत्ता त्यांचाच होता.

पुढे या कामासाठी खास ठाणी उभी राहिली. पक्षी समुद्र ओलांडताना थकून जिथे उतरतात, अशा बेटांवर ती बहुधा असतात. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्याजवळच्या आयल ऑफ मे बेटावर १९३४मध्ये असे ठाणे निघाले. पण त्याआधीच, १९०७पासून, एव्हलिन बॅक्स्टर आणि लिओनोरा रिंटूल या दोन मैत्रिणी तिथे जाऊन पक्ष्यांची ये-जा टिपत होत्या. वाऱ्याने पक्षी आपल्या वाटेवरून ढकलले जातात, हा विचार त्यांनी याच नोंदींवरून मांडला.

ठाण्यावर एप्रिल-मे म्हणजे ऐन हंगाम. स्वयंसेवक पहाटे उजाडण्याआधी उठतात. झुडपांमध्ये बारीक धाग्यांची जाळी लावतात. ठरावीक वेळाने फेरी मारून अडकलेले पाखरू अलगद सोडवायचे, कापडी पिशवीत ठेवून आणायचे, वाळा घालायचा, पंख मोजायचा, वजन करायचे. पोटावरच्या पिसांवर हळूच फुंकर मारली की कातडीखालची पिवळसर चरबी दिसते. पुढच्या प्रवासाची ती शिदोरी. सारे वहीत लिहायचे आणि मूठ उघडायची. नवख्याच्या हाती पहिल्या दिवशी पाखरू देत नाहीत. त्याने पिशव्या वाहायच्या, आकडे लिहायचे. परवाना मिळतो तो पुरेशा शिक्षणानंतरच. इतके करून लहान पाखरांपैकी शंभरात एकाचाही निरोप सहसा परत येत नाही.

मग माणसे हे का करतात? याचे उत्तर मला युद्धकैद्यांच्या छावणीत सापडते. आयल ऑफ मेच्या ठाण्यामागे ज्यांचा पुढाकार होता, त्यांत जॉर्ज वॉटरस्टन हा तरुण होता. १९४१मध्ये तो क्रीट बेटावर जर्मनांच्या हाती सापडला. छावणीत त्याला जॉन बक्स्टन आणि पीटर काँडर हे पक्षिवेडे भेटले. उपासमारीच्या दिवसांत हे लोक तारेच्या कुंपणाआडून पाखरांची टिपणे काढत. त्या वेळी बर्लिनच्या संग्रहालयातले नामवंत पक्षितज्ज्ञ एर्विन श्ट्रेझमान यांनी बक्स्टनला वाळे पाठवले! दोन देश एकमेकांवर बाँब टाकत असताना एका जर्मनाने शत्रूच्या कैद्यावर हा विश्वास टाकला. पाखराच्या पायातला पत्ता युद्धातही खरा राहिला.

छावणीतच वॉटरस्टनने फेअर आयल या उत्तरेकडच्या बेटावर नवे ठाणे काढण्याचा आराखडा केला. १९४३मध्ये आजारपणामुळे त्याची सुटका झाली. बोटीतून मायदेशाचा पहिला तुकडा दिसला, तो फेअर आयलच! १९४७मध्ये त्याने ते बेट विकत घेतले आणि १९४८मध्ये आरमाराच्या जुन्या झोपड्यांमध्ये ठाणे सुरू झाले.

आपल्याकडे मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९५९पासून डॉ. सालिम अली यांच्या नेतृत्वाखाली हे काम मोठ्या प्रमाणावर हाती घेतले. त्याला निमित्त होते एका रोगाचे. १९५७मध्ये आजच्या कर्नाटकात क्यासनूर जंगलाचा ताप उद्भवला. त्याच्या गोचिडी दूर देशाहून येणाऱ्या पाखरांबरोबर येतात काय, हा प्रश्न होता. जागतिक आरोग्य संघटनेने मदत केली आणि हजारो पाखरे मुंबईचा पत्ता पायात घेऊन हिमालयापलीकडे गेली.

तेव्हा कधी वाळा असलेले मेलेले पाखरू दिसले, तर वाळ्यावरची अक्षरे, तारीख आणि जागा लिहून घ्या आणि त्या पत्त्यावर कळवा. पाखरू जिवंत असेल तर वाळा काढू नका. दूर कुठे तरी कोणी पहाटे उठून ते पत्र धाडलेले असते. उत्तर देणे आपल्या हाती आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)