चार तारांचा इतिहास

लहानशा कारखान्याच्या भिंतीवर एक लोखंडी पेटी असते व तींत चार तारा येतात. त्या कारखान्याचें बळ कोठून आलें, हें या तारांचा इतिहास जाणल्यावांचून उमगत नाहीं.

वाफेच्या काळांत सबंध गिरणीला एक एंजिन असे. त्याच्या जोरावर छताखालचा लांब दांडा फिरे आणि पट्ट्यांच्या द्वारें तें बळ प्रत्येक यंत्राला पोंचे. दहांपैकीं एकच यंत्र चालवावयाचें असलें, तरी बॉयलर तापवून सारा दांडा फिरवावा लागे. गिरणीमालकाला हा खर्च पेलवे. दोन लेथ बाळगणाऱ्या कारागिराला झेपत नसे. वाफेची शक्ति सुटी विकत मिळत नव्हती.

ती सुटी केली थ्री-फेज, म्हणजे तिहेरी, प्रवाहानें. १८८९ सालीं जर्मनींत काम करणाऱ्या दोलिव्हो-दोब्रोव्होल्स्की या रशियन इंजिनियरानें त्यावर चालणारी मोटर सिद्ध केली. तीन तारांतील प्रवाह फेऱ्याच्या एक-तृतीयांश अंतरानें एकामागून एक चढतात-उतरतात. जात्याच्या खुंट्याला तिघींनीं पाळीपाळीनें हात द्यावा, तशी त्यांची चुंबकीय ओढ गोल फिरत राहते आणि मोटरचा गाभा तिच्यामागें फिरतो. १८९१ सालीं अशी वीज लाउफेनहून फ्रांकफुर्टपर्यंत १७५ किलोमीटर नेण्यांत आली. नदी एकीकडे व कारखाना दुसरीकडे, हें आतां शक्य ठरलें.

तेंच पुढें सह्याद्रींत घडलें. जमशेटजी टाटा १९०४ सालीं वारले. त्यांची योजना १९१५ सालीं फळास आली. लोणावळ्याच्या तलावांचें पाणी सुमारें १,७०० फूट खालीं खोपोलीस उतरून चक्रें फिरवूं लागलें. दाब जितका अधिक तितका प्रवाह कमी व वाटेंतील नासही कमी. म्हणून एक लाख व्होल्ट दाबानें वीज मुंबईंत परळला आणून तेथें तो दाब उतरविला जाई. आरंभीं ती मोठ्या गिरण्यांसाठीं होती. पुढें छापखाने, पिठाच्या गिरण्या व लेथवाले यांनाही वीज मिळूं लागली.

पेटींतील तीन तारांपैकीं कोणत्याही दोहोंमध्यें सुमारें ४०० व्होल्ट असतात. त्या तिन्हींवर मोटर चालते. त्यांतील एक व चौथी न्यूट्रल यांमध्यें सुमारें २३० व्होल्ट असतात. त्यांवर दिवे लागतात. तिहींपैकीं एक तुटली, तर चालती मोटर घरघरूं लागते, तापते व वेळीं न थांबविल्यास जळते.

या विजेची किंमत केवळ रुपयांत फेडली गेली नाहीं. मुळशीच्या धरणाविरुद्ध १९२१ सालीं मावळांतील शेतकऱ्यांनीं सत्याग्रह केला. सेनापति बापटांनीं त्यासाठीं कारावास सोसला. तरीही धरण झालें, आणि १९२७ सालीं भिऱ्याचें वीजगृह सुरू झालें. ज्या शक्तीनें शहरांतील कारागिराला आपल्या यंत्राचा धनी केलें, तिच्यासाठीं मावळांतील भातखाचरें पाण्याखालीं गेलीं. बटण दाबणाऱ्या हातानें हें ऋण विसरूं नये.